पद्मिनीत जिप्सीचं इंजिन आणि पेट्रोलचं प्रेशर: पंप बदलण्याआधी पंपाच्या मागे बघा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. १९८५ची प्रीमियर पद्मिनी, त्यात मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन. सकाळी गाडी छान चालते. मे महिन्यात दुपारी नागपुरातून वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालं की वीस-पंचवीस मिनिटांनी ओव्हरटेक करताना झटके मारून राहिली. टाकी पाव भरलेली असली की त्रास जास्त, फुल असली की कमी. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायची तर सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता, गाडी उभी असताना) पेट्रोलच्या प्रेशरचा गेज ३ बार दाखवतो म्हणून मिस्त्री म्हणतो प्रेशर ठीक आहे, आणि तरीही त्याने दोनदा पंप बदलला.

तिसरा पंप घेऊ नका. माझ्या पद्मिनीत हेच इंजिन आहे आणि मी एक अख्खा उन्हाळा याच दुखण्यात घालवला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आयडलच्या त्या ३ बारबद्दल. आयडलला हे इंजिन ताशी जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. तेवढं तर अर्धमेला पंपही देतो. पूर्ण जोर लावला की साधारण ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी २५ लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे पुरवठा अपुरा असला तरी आयडलला गेज खूश दिसणारच. प्रेशर मोजायचं ते गाडी ओढत असताना.

त्यासाठी गेजला लांब होज लावा, बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा आणि गेज काचेवर वायपरजवळ बाहेरून टेपने घट्ट बांधा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. शेजारी एक माणूस बसवा, नजर त्याने ठेवायची. खापरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. प्रेशर ३ बारजवळ टिकून राहिलं आणि तरी झटके आले, तर पेट्रोल सोडून इग्निशन आणि सेन्सरकडे वळा. काटा २ च्या खाली घसरला किंवा थरथरायला लागला, तर पुरवठा कमी पडतोय हे नक्की. थरथरणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोलसोबत हवा किंवा वाफ येतेय.

तुमच्या आकड्यात मला आणखी एक गोष्ट खटकली. रेग्युलेटरला (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडून प्रेशर राखणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल तर आयडलला प्रेशर साधारण अडीच बार दिसायला हवं, आणि नळी काढल्यावर ३ च्या आसपास चढायला हवं. तुमचं नळी लावूनच ३ दाखवत असेल तर एक तर व्हॅक्यूम पोचत नाही, नाही तर रिटर्नची, म्हणजे परत टाकीत जाणारी, नळी बारीक आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत अशा इंजिनाला पुरेल अशी रिटर्न लाइन मुळात नसते. फिटर हाताशी असलेली बारीक नळी टाकून मोकळा होतो. व्हॅक्यूम नळी काढाल तेव्हा तिच्या तोंडाला पेट्रोलचा ओलावा किंवा वास आहे का तेही बघा. असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, आधी तो बदला.

आता मुख्य मुद्दा. हे एमपीएफआयचे बाहेर बसवायचे पंप पेट्रोल ढकलण्यात पहिलवान असतात, पण ओढण्यात फार कमजोर. पद्मिनीच्या टाकीतली मूळ नळी इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपासाठी केलेली आहे. त्या पंपाला कार्ब्युरेटरपुरतं, सेकंदाला थोडंसं पेट्रोल लागायचं. नवा पंप मात्र सतत ताशी ८०-१०० लिटर फिरवतो, गरजेपुरतं इंजेक्टरला आणि बाकीचं परत टाकीत. बारीक नळीतून एवढं ओढताना पंपाच्या तोंडाशी दाब उतरतो. पेट्रोलचा हलका भाग साध्या दाबालाच ३५-४० अंशांच्या आसपास उकळायला लागतो, दाब उतरला की त्याहून आधी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश, खाली तापलेलं डांबर, बाजूने सायलेन्सर, वरून इंजिनावरून गरम होऊन परत येणारं रिटर्नचं पेट्रोल. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की बघायलाच नको. पाव टाकीत पेट्रोल थोडं, म्हणून लवकर तापतं, शिवाय पातळी खाली असल्याने पंपाला जास्त ओढावं लागतं. फुल टाकीला त्रास कमी होतो हे तुम्ही लिहिलंत, आणि मला सगळ्यात मोठा पुरावा तोच वाटतो.

हे पक्कं करायची चाचणी सोपी आहे, पण पेट्रोल उघडं असतं. मोकळ्या जागेत करा, सायलेन्सर थंड होऊ द्या, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि विजेची जोडणी करताना ठिणगी पेट्रोलजवळ पडणार नाही हे बघा. टाकीजवळ रिटर्नची नळी काढून धातूच्या मापाच्या डब्यात सोडा. इंजिन बंद ठेवून रिलेवरून (पंपाला वीज देणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचवरून) पंप ३० सेकंद चालवा आणि मोजा. मग पंपाकडे येणारी टाकीची नळी बंद करून, दुसऱ्या डब्यातून रुंद, आखूड होजने पंपाला थेट पेट्रोल द्या. पुन्हा ३० सेकंद, पुन्हा मोजा. माझ्या गाडीत सकाळी टाकीतून ४५० मिली आलं, दुपारी गाडी तापवून आणल्यावर २०० मिली, तेही फेसाळ. डब्यातून थेट दिलं तर ८०० मिली. पूर्ण जोरात इंजिनाला ३० सेकंदांत २०० मिलीच्या थोडं वरच लागतं, त्यामुळे गाडी नेमकी ओव्हरटेकलाच का गळपटते ते त्या दिवशी मला कळलं. पंप ठणठणीत होता. मी आधीच दोन चांगले पंप काढून फेकले होते, याचं आजही वाईट वाटतं.

अडथळा कुठे होता? एक, फिटरने पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर बसवला होता. पंपाच्या आधी फक्त जाड जाळीची गाळणी हवी, साधारण १०० मायक्रॉनची. बारीक फिल्टर पंपाच्या नंतर. दोन, टाकी आणि पंपामधला रबरी होज. वरून नवाकोरा, पण उभा चिरला तर आतलं अस्तर सुटून लोंबत होतं आणि ओढ बसली की दार लागावं तसं बंद होत होतं. आता पेट्रोल पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, मऊ होतं. होजवर इथेनॉलला चालतो असा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्या, आणि प्रेशरच्या बाजूला इंजेक्शनचाच होज आणि इंजेक्शनचेच क्लॅम्प वापरा. साध्या होजवर ३ बार म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ई-२० जुन्या टाकीतला गंज आणि चिकटाही सोडवतं, तेव्हा गाळणी पहिल्या काही महिन्यांत दोन-तीनदा उघडून बघा.

पंप जिकडून पेट्रोल ओढतो त्या बाजूचा सांधा सैल असला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. तपासणीपुरता पंपाआधी वीतभर पारदर्शक होज टाका, बुडबुडे लगेच दिसतील. काम झालं की काढून टाका.

टाकीचं झाकणही बघा. बदललेल्या झाकणाला हवा आत घ्यायचं छिद्र नसलं तर टाकीत पोकळी तयार होते. झटके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर एवढ्यावरच काम भागू शकतं. खरं तर सगळ्यात आधी हेच करा.

वायरिंग. इंजिन चालू असताना पंपाच्या टोकांवरच मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर रिले टाकून २.५ चौरस मिमीची नवी वायर ओढा आणि अर्थिंग रंग खरवडून बॉडीच्या कोऱ्या पत्र्यावर घ्या. जुन्या फ्यूजबॉक्समधून पंप चालवू नका.

गरम सुरू न होण्याचं कारण वेगळं असू शकतं. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि मग मारा. लगेच सुरू झाली तर गाडी बंद असताना लाइनमधलं प्रेशर टिकत नाही. चावी बंद केल्यावर काटा मिनिटभरात शून्यावर येतो का बघा. येत असेल तर तो लगेच पुन्हा चढवून, चावी बंद करताच पंपानंतरचा रबरी होज मऊ क्लॅम्पने दाबा. आता टिकलं तर पंपातला उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गळतोय. तरीही उतरलं तर रेग्युलेटर किंवा इंजेक्टर.

कायमचा इलाज म्हणून मी टाकीतली नळी रुंद केली, पंप टाकीच्या तळाच्या पातळीला उतरवला आणि मध्ये दीड लिटरचा छोटा डबा टाकला, ज्यात कमी दाबाचा एक पंप पेट्रोल भरत राहतो आणि मोठा पंप कायम बुडालेल्या तोंडाने घेतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमचा पंप टाकीच्या तळापेक्षा हातभर वर दिसतोय, तो आधी खाली घ्या. टाकी काढाल तेव्हा ती पाणी भरून, पूर्ण वाफमुक्त केल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका.

झाकण, मग ओढत असतानाचं प्रेशर, मग थंड, गरम आणि थेट डब्यातून असे तीन वेळचे मिली. हे आकडे कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.