निकीयाच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवलं गेलं का?

नाही. येशूची देव म्हणून उपासना आधीपासूनच होत होती. रोमन अधिकारी प्लिनीने इ.स. 112 च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे. 325 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीया (आजच्या तुर्कस्तानात) इथे बोलावलेल्या बिशपांच्या, म्हणजे वरिष्ठ ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या, परिषदेपुढचा वाद वेगळा होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र (येशू) श्रेष्ठ खरा, पण पित्याने (देवाने) निर्माण केलेला. परिषदेने ठरवलं, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. पण निर्णयाने वाद मिटला नाही, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुढचे काही सम्राट एरियसच्या पक्षाकडे झुकले, निकीयाची बाजू लढवणारे बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाले. 381 च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेने तो निर्णय पक्का केला. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, हेही निकीयात ठरलेलं नाही.