फ्लास्कच्या फंक्शनमधलं एचटीएमएल वेगळं कसं काढावं?

फ्लास्क, म्हणजे पायथनचं वेब फ्रेमवर्क, वापरताना फंक्शनाफंक्शनात एचटीएमएलच्या स्ट्रिंग प्लस लावून जोडल्यात, कुठला डिव्ह कुठे बंद होतो ते सापडत नाही. सगळं टेम्प्लेटमध्ये, म्हणजे डेटासाठी जागा सोडलेल्या वेगळ्या एचटीएमएल फाइलमध्ये, हलवलं की झालं का, असं तुम्ही विचारलंय. निम्मं काम होईल.

टेम्प्लेटमध्ये डेटा भरून पान तयार करणारं जिंजा फ्लास्कबरोबरच येतं. टेम्प्लेट्स नावाचा फोल्डर करा. नाव अनेकवचनीच हवं, नाहीतर फाइल सापडत नाही म्हणून एरर येते. हेड, मेनू, तळाचा भाग एका बेस फाइलमध्ये घाला, मध्ये ब्लॉक, म्हणजे प्रत्येक पानाने भरायची मोकळी जागा, ठेवा आणि बाकीची पानं एक्स्टेंड्सने त्यावर बसवा. हेडर आणि फूटर वेगळे इन्क्लूड करायची सवय पुष्कळांना असते. ती नको. एका फाइलमध्ये उघडलेला टॅग दुसरीत बंद होतो, म्हणजे तुमची आत्ताचीच कटकट.

आता उरलेलं निम्मं: टेम्प्लेटमध्ये काय नसावं. फॉर लूप आणि साधं इफ टेम्प्लेटमध्ये खुशाल असू द्या. पण एका इफमध्ये दोन-तीन अटी जमल्या, की तो निर्णय पायथनमध्ये न्या आणि टेम्प्लेटला नुसतं 'सवलत लागू' असं हो-नाही पाठवा. डेटाबेसचंही तसंच. लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव मागितलं, की लेझी लोडिंगमुळे, म्हणजे जोडलेला डेटा मागितला तेव्हाच आणण्यामुळे, १०० ओळींसाठी १०१ क्वेऱ्या जाऊ शकतात, आणि टेम्प्लेट वाचून ते कळतही नाही. जोडलेला डेटा आधीच आणा.

हलवताना हमखास एक गंमत होते: पायथनमध्ये राहून गेलेला बी टॅग (ठळक अक्षरांचा) पानावर कंसासकट अक्षरं म्हणून उमटतो. जिंजा एस्केप करतंय, म्हणजे टॅगचे कंस साध्या अक्षरांत बदलतंय, आणि ते बरोबरच आहे. तिथे एस्केपिंग टाळणारा सेफ फिल्टर लावून मोकळं होऊ नका. उद्या त्याच जागी वापरकर्त्याने लिहिलेली स्क्रिप्ट चालेल. तो टॅगच टेम्प्लेटमध्ये न्या. फाइलचं एक्स्टेन्शन एचटीएमएलच ठेवा, कारण फ्लास्क एक्स्टेन्शन पाहून एस्केपिंग चालू करतं. जे-टू (.j2) ठेवलंत तर ते गुपचूप बंद. ॲट्रिब्यूटच्या किमतीभोवती अवतरणचिन्हं हवीतच, त्यांच्याविना एस्केपिंग पुरत नाही. स्क्रिप्ट टॅगमध्ये डेटा द्यायचा तर टू-जेसन फिल्टर वापरा.

व्ह्यू सोर्समध्ये रिकाम्या ओळी दिसतील. त्या खुपत असतील तर जिंजाची ट्रिम-ब्लॉक्स आणि एलस्ट्रिप-ब्लॉक्स ही सेटिंग्ज चालू करा. त्यांच्यापायी टेम्प्लेटचं इंडेंटेशन मात्र मोडू नका.