डेमोला बसण्याआधी

गेमिंगच्या प्रदर्शनात नवा ऑनलाइन गेम खेळून बघायचा असेल, तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून वाशीला उतर; सिडको एक्झिबिशन सेंटर स्टेशनपासून चालत आहे. आत शिरल्यावर फुकट पोस्टर आणि टी-शर्टच्या गर्दीत घुसू नकोस, थेट डेमोची, म्हणजे गेम थोडा वेळ खेळून बघायची, रांग धर. दुपारनंतर ती हलता हलत नाही.

खुर्ची मिळाली की जेमतेम १५-२० मिनिटं हातात असतात. त्यातली निम्मी पात्राचं नाक-केस ठरवण्यात जातात, म्हणून तयार पात्र घे. योद्धा सगळेच घेतात; तू हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारं पात्र, घे. साथीदारांना वाचवताना स्क्रीनवर नेमकं कुठे बघायचं हेच कळेनासं झालं, तर तो इंटरफेसचा, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीचा दोष, तुझा नाही. आणि एकदा मुद्दाम मर. परत किती लांबून चालत यावं लागतं, सामान जातं का, हे ट्रेलरमध्ये कोणी दाखवत नाही.

'काय स्मूद चालतोय!' म्हणून हुरळून जाऊ नकोस. स्टॉलवर बरेचदा सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणारा कॉम्प्युटर, शेजारच्याच मशीनवर असतो. घरून खेळताना तो सिंगापूरला असला तर पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ६० मिलिसेकंदांच्या आसपास, युरोपात असला तर १०० च्या पुढे. वार चुकायला तेवढा उशीर पुरतो. म्हणून स्टॉलवाल्याला पहिला प्रश्न हाच: मुंबईत सर्व्हर ठेवणार का? दुसरा: गेममधल्या दुकानात नुसते कपडे विकणार की ताकदही? उत्तर गोलमोल आलं तर काय ते समज. प्री-ऑर्डरचे पैसे तिथल्या तिथे देऊ नकोस. फोटो काढायचा तर आधी विचारून घे. हेडफोन मात्र स्वतःचा ने, तिथले घामट असतात.