तिला सांगायचं ते तुम्हीच सांगा

बडोद्याच्या रावपुऱ्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी समाजशास्त्र घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बातम्या, टीव्ही आणि मोबाइलवर फिरणारे मेसेज यांनी समाज कसा बदलतो, यावर तिला संशोधन करायचंय. वडिलांना वाटतं, तिनं बँकेची परीक्षा द्यावी. शेवटी ते लिहितात, "या क्षेत्रात काही राम नाही, असं तुमच्या नावानं छापा. आमचं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मी लिहिलंय हे मात्र कळू देऊ नका."

नमस्कार.

मुलीचे गुण चांगले आहेत, त्यांची मला चिंता नाही. तुमच्या शेवटच्या ओळींची आहे. तुम्हाला माझा सल्ला नकोच आहे. तुमचं म्हणणं तुम्हाला माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, तेही तिच्या नकळत. हे मी करणार नाही. सांगणारा कोण आहे हे पाहून लोक कशावर विश्वास ठेवतात, हा तर तिच्या आवडीचाच विषय. आज ना उद्या तिला कळेल, आणि मग तुमच्या कुठल्याही शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही.

दुसरी तक्रार आत्याची. घरच्या ग्रुपवर आत्यानं काढ्याचा मेसेज टाकला, हिनं सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी लिहिलंय, कुठून आलंय?" आणि आत्या रुसल्या. चारचौघांत मोठ्यांना असं अडवायला नको होतं, वेगळा फोन करता आला असता. हे तिला जरूर सांगा. पण प्रश्न योग्यच होता. तुम्ही त्याला आगाऊपणा म्हणता. मला त्यात या विषयाला लागणारी नजर दिसते.

पत्रात मध्येच दोन वाक्यं येऊन गेली आहेत. तुमची निवृत्ती तीन वर्षांवर आलीय, आणि "पीएचडीत अडकली तर लग्नाचं काय". खरं दुखणं इथं आहे. निवृत्तीचं तिच्याशी कधी बोललात का? पत्रावरून तसं दिसत नाही. तिला हिशोब माहीत नसेल, तर ती तो धरून निर्णय कसा घेणार? लग्नाचा धाक मात्र घालू नका. तो पैशांच्या काळजीत मिसळलात, की तिला दोन्ही खोटं वाटेल.

पैशांचं स्पष्टच सांगते. एमएची दोन वर्षं, पुढे पीएचडीची किमान तीन, बहुतेकांना जास्तच लागतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये मिळतात, पण ती थोड्यांनाच मिळते. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत. तिनं याकडे डोळेझाक करू नये. तुमच्या बँकेच्या परीक्षेचं म्हणाल, तर लिपिक पदासाठी वयाची 28 वर्षं पूर्ण होईपर्यंत दार उघडं असतं. आज घाई करायचं कारण नाही.

आता एक गैरसमज. तुम्ही लिहिता, "गणित टाळायला तिनं हे काढलंय, पेपर वाचून मतं मांडायची, बस." तसं असेल तर तिनं या वाटेला जाऊच नये. अमेरिकेत 1968च्या निवडणुकीत मॅकॉम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपल हिल गावातल्या, अजून मत न ठरवलेल्या 100 मतदारांना विचारलं, कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात? तिथं पोहोचणाऱ्या वर्तमानपत्रांत, मासिकांत आणि टीव्हीवर कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली, हेही मोजलं. दोन्ही क्रम जवळजवळ जुळले. 1972 साली छापून आलेला तो छोटा अभ्यास आजही शिकवला जातो. हे काम मोजण्याचं आहे. दोन माणसं त्याच बातम्यांची एकाच नियमानं, एकमेकांना न विचारता वर्गवारी करून बघतात. उत्तरं जुळली नाहीत, तर बहुतेकदा नियमच धूसर असतो, तो पुन्हा लिहायचा. या कंटाळवाण्या कामात आणि संख्याशास्त्रात तिला गोडी लागते का, हे आधी बघायला हवं.

म्हणून पीएचडीचा वाद आत्ता बाजूला ठेवा. या सुट्टीत तिला एक छोटा अभ्यास करू द्या. तुमच्या सोसायटीचा ग्रुप गुजराती, घरचा मराठी. सगळ्यांची परवानगी घेऊन, नावं गाळून, दोन्हीकडे महिनाभर कोणते विषय आले, किती मेसेजना मूळ स्रोत होता, किती नुसतेच पुढे ढकललेले, हे वहीत नोंदवायचं. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, अशी तिन्ही भाषांत वावरणारी मुलगी या कामाला सहज मिळत नाही. सयाजीराव विद्यापीठात विस्तार आणि संवाद हा विभाग आहे, तिथल्या शिक्षकांना ती वही दाखवावी. खेडा जिल्हाही तुमच्यापासून फार लांब नाही. 1975 साली तिथल्या पीज गावातून खेडुतांसाठी टीव्ही सुरू झाला. त्याच वर्षी उपग्रहाद्वारे देशातल्या 2,400 गावांत टीव्ही पोहोचवला गेला, आणि बघणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे अभ्यासायला संशोधक गावांत जाऊन राहिले. तिनं ते अहवाल शोधून वाचावेत.

ही वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडली, तर तुमचं बँकेचं म्हणणं पुन्हा मांडा. पूर्ण झाली, तर एमएच्या प्रवेशाची तयारी करू द्या.

आणि हे उत्तर तुमच्या पत्रासकट तिला वाचायला द्या. तिला काही विचारायचं असेल, तर तिनं स्वतः, स्वतःच्या नावानं मला लिहावं.