मसुरीला निघायच्या आधी एकदा मांजरीला जाऊन ये

पोरी,

तुझ्या आईचा फोन आला, म्हणाली फॉरेन सर्व्हिस मिळाली आणि इकॉनॉमिक साइडलाच जायचं म्हणतेय. फार बरं वाटलं गं. गोखले इन्स्टिट्यूटमधून एमए केलंयस त्यामुळे थिअरीची काळजी नाही, पण मसुरीचं ट्रेनिंग सुरू व्हायला अजून वेळ आहे ना, तो वेळ पुस्तकात घालवू नकोस. आधी पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जा, कोथरूडहून लांब पडेल तरी जा, फक्त आधी फोन करून परवानगी घे.

का सांगतो ऐक. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला बागायतदार मारतात ते, त्याचा अंश तिकडच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, आणि आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायनं तपासायचे त्या यादीत हे नव्हतंच. बागायतदारानं यादी पाळली तरी माल अडकला, मला आजही त्याचं वाईट वाटतं. अशा वेळी दूतावासातल्या माणसाला एसपीएस करार, म्हणजे अन्नसुरक्षा आणि पिकांच्या आरोग्याच्या नियमांचा जागतिक व्यापार संघटनेचा करार, तोंडपाठ असून भागत नाही, रेसिड्यू म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश लॅबमध्ये कसा मोजतात, एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यात काय फरक, कुठलं औषध कधी मारतात, हे माहीत असेल तरच तो समोरच्याशी नीट बोलू शकतो.

माझं स्वतःचं सांगतो. थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासातला अगदी नवखा अधिकारी होतो, एका मीटिंगसाठी टॉकिंग पॉइंट्स मी काढले होते. आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला कोड असतो, ताजी द्राक्षं ०८०६१० आणि बेदाणा ०८०६२०, मी घाईत अख्ख्या ०८०६ चा आकडा ताज्या द्राक्षांची निर्यात म्हणून टाकला. समोरच्या बाईंनी त्या आकड्यावर पेन ठेवलं आणि शांतपणे विचारलं, यात बेदाणा धरलाय का? बाकी आमचा मुद्दा बरोबर होता, पण त्यानंतर प्रत्येक आकड्याला त्या थांबवायला लागल्या आणि मूळ विषय राहूनच गेला. रात्री झोप लागली नाही मला.

तेव्हापासून आकडा लिहिला की शेजारी कोड, डॉलर की रुपये, कुठून घेतला, आणि वर्ष एप्रिल-मार्च की जानेवारी-डिसेंबर, एवढं लिहितोच. आपलं आर्थिक वर्ष वेगळं आणि बऱ्याच देशांची आकडेवारी कॅलेंडर वर्षाची, त्यामुळे दोघंही खरं बोलत असतात आणि आकडे मात्र जुळत नाहीत. तूही पहिल्या नोटपासून हीच सवय लाव.

सुरुवातीला एअरपोर्ट ड्युटी, प्रोटोकॉल, व्हिसा हे सगळं येईल, ते कर, त्यात शिकण्यासारखं असतंच. परकीय भाषा मात्र परीक्षेपुरती शिकू नकोस, तिथल्या मंडईत भाव विचारता यायला हवा इतकी शीक, कारण व्यापाऱ्याकडून जे कळतं ते कुठल्या रिपोर्टमध्ये नसतं.

आत्ता मांजरीला वेलीवर घड नसतील, पण लॅब बघायला मिळाली तर बघ, आणि तिथं कुणी बागायतदार भेटला तर त्याला विचार की कंटेनर परत आला तर तो काय करतो. तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका