मोझॅइक हा जगातला पहिला वेब ब्राउझर होता का?

तुम्ही विचारलंय की, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पहिला ब्राउझर (वेबवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) ‘मोझॅइक’ दिलाय, दुसरीकडे ‘वर्ल्डवाइडवेब’ वाचलं, मग खरं कोणतं?

खरं उत्तर वर्ल्डवाइडवेब. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तो १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. पुढे वेब आणि ब्राउझर या दोन्हींच्या नावांत गोंधळ नको म्हणून त्याचं नाव ‘नेक्सस’ केलं. दोन्ही नावं एकाच ब्राउझरची आहेत.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेतोय. सुरुवातीच्या बॅचेसना इंटरनेट म्हणजे डेस्कटॉपवरचा निळा ‘ई’, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचा आयकॉन. “सर, इंटरनेट गेलं” असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा नुसता आयकॉन डिलीट झालेला असायचा. त्यामुळे ब्राउझर म्हणजे काय आणि तो आला कुठून, हे मी दर बॅचला वेळ काढून सांगतो.

सर्नमध्ये देशोदेशींचे शास्त्रज्ञ येऊन-जाऊन असायचे. प्रत्येकाचं मशीन वेगळं, माहिती ज्याची त्याच्याकडे अडकलेली. मार्च १९८९ मध्ये बर्नर्स-ली यांनी ही माहिती लिंकनी एकमेकींना जोडण्याचा प्रस्ताव दिला, वेब त्यातूनच आलं. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा लिहिला, त्याचा अर्थ साधारण असा : मोघम आहे, पण भारी वाटतंय. मग नेक्स्ट कंपनीच्या एका कॉम्प्युटरवर ब्राउझर लिहिला गेला. जगातला पहिला वेब सर्व्हर, म्हणजे मागणाऱ्याला पानं पाठवणारा प्रोग्रॅम, तोही त्याच मशीनवर चालायचा. चुकून कुणी बटण बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईत सूचना लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती.

प्रस्तावाला तीस वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, सर्नने हा जुना ब्राउझर आजच्या ब्राउझरमध्ये चालेल असा पुन्हा उभा केला. मी तो वर्गात प्रोजेक्टरवर उघडला आणि एका मुलीला माउस दिला. तिने लिंकवर क्लिक केलं, काहीच झालं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. “सर, लिंक बंद आहे.” मी म्हटलं, डबल क्लिक कर. पान उघडलं. मग तिनेच विचारलं, एका क्लिकला का नाही उघडत? कारण एका क्लिकने तिथे कर्सर बसतो, लिहिण्यासाठी! पहिला ब्राउझर पान दाखवायचा आणि तिथल्या तिथे लिहूही द्यायचा. मजकूर टाकायचा, एखादा शब्द निवडून दुसऱ्या पानाशी जोडायचा, सगळं त्याच ब्राउझरमध्ये. वेबची मूळ कल्पना अशी होती, वाचणाऱ्याच्या हातातही लेखणी. मला ही गोष्ट ‘पहिला कोण’ यापेक्षा कितीतरी मोठी वाटते, आणि परीक्षेच्या पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो याचं वाईट वाटतं.

ती लेखणी गेली कशी? नेक्स्टचे कॉम्प्युटर फार थोड्या लोकांकडे होते. म्हणून १९९०-९१ मध्ये निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने सर्नमध्ये असताना ‘लाइन मोड ब्राउझर’ लिहिला. तो जवळपास कुठल्याही टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या साध्या स्क्रीन-कीबोर्डवरही चालायचा. माउस नाही, चित्र नाही. प्रत्येक लिंकपुढे कंसात आकडा, तो टाइप करून एंटर दाबायचं. वेब सर्नबाहेर पोचलं ते बरंचसं याच्यामुळे, पण यात फक्त वाचता यायचं. १९९२ मध्ये फिनलंडच्या विद्यार्थ्यांचा एर्वाइज आणि अमेरिकेत पेई-युआन वेई यांचा व्हायोला आला. म्हणजे मोझॅइकच्या आधीच निदान चार ब्राउझर होते.

मोझॅइक १९९३ चा. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो लिहिला. मजकुराच्या मधोमध चित्र दिसणं ही त्याची खरी करामत, आणि त्याच वर्षी तो विंडोज आणि मॅकवरही आला. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यावर कुणाला पैसे द्यावे लागणार नव्हते. सामान्य माणसाने पाहिलेला पहिला ब्राउझर मोझॅइक, म्हणून तेच नाव डोक्यात बसलं. पुस्तकातली चूक तिथूनच आली असावी.

पुढचं थोडक्यात. अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासोबत कंपनी काढली आणि १९९४ च्या डिसेंबरात नेटस्केप नॅव्हिगेटर आणला. १९९५ चा ऑगस्ट तर लक्षात ठेवण्यासारखाच आहे : ९ तारखेला नेटस्केपचे शेअर बाजारात आले, १५ तारखेला आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि २४ तारखेला विंडोज ९५ आलं. इंटरनेट एक्सप्लोररही त्याच महिन्यातला. तो स्पायग्लास या कंपनीकडून परवाना घेतलेल्या ‘स्पायग्लास मोझॅइक’च्या कोडवर उभा होता. म्हणजे आमच्या वर्गातला तो निळा ‘ई’ मोझॅइकच्याच घराण्यातला.

आता तुमच्या परीक्षेचं. पर्यायांत वर्ल्डवाइडवेब किंवा नेक्सस असेल तर डोळे झाकून तेच निवडा. फक्त मोझॅइक, नेटस्केप, ऑपेरा आणि इंटरनेट एक्सप्लोरर असे चार असतील, तर त्यांत सर्वांत जुना मोझॅइक, म्हणून त्यावर खूण करा. उत्तरतालिकेत वर्ल्डवाइडवेब चुकीचं ठरवलं, तर मुदतीत हरकत जरूर नोंदवा.