ईस्टरची सलग सुट्टी, चौघं मित्र आणि एकाचं कार्ड अडकलेलं

प्रश्न: ताई, मी जर्मनीत लायपझिगला मास्टर्स करतोय. ईस्टरला शुक्रवार ते सोमवार सलग सुट्टी आहे आणि आम्हा चौघा मित्रांचं कुठेतरी जायचं चाललंय. दोघांना शेजारच्या चेक देशातलं प्रागच पाहिजे, हॉटेलपण बघून ठेवलंय. पण एकाचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड संपलंय, नवीन अजून आलं नाही, हातात फक्त तात्पुरतं पत्र आहे. तो म्हणतो तुम्ही जा, माझं काही नाही. माझाही पार्टटाइम जॉब सुटलाय त्यामुळे पैशाची ओढाताण आहे, पण हे मी ग्रुपवर बोललो नाहीये. काय करू?
— एक वाचक, लायपझिग

उत्तर: आधी पत्राचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय. ते पत्र जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम 81 च्या कितव्या पोटकलमाखाली दिलंय ते आत खूण करून लिहिलेलं असतं, मित्राला आजच उघडून बघायला सांग. तिसऱ्याखालचं असेल तर जर्मनीत राहता येतं पण एकदा बाहेर पडलं की त्या पत्रावर परत आत येता येत नाही. चौथ्याखालचं असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून येता येतं, तरीपण आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी लोकांचे परमिट देणाऱ्या ऑफिसला, ईमेल टाकून लेखी उत्तर घ्याच. आणि शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांमध्ये, कोण बघतंय असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली, प्रागहून येणाऱ्या गाडीतसुद्धा पोलीस चढतात.

आता तो जे "माझं काही नाही" म्हणतोय ना, ते खरं धरू नकोस. सुट्टीत अख्खं हॉस्टेल रिकामं होतं, जर्मन मुलं घरी जातात, दुकानं बंद, आणि चार दिवस खोलीत एकटं बसायचं म्हणजे काय ते परदेशात राहिलेल्या कुणालाही विचार. मला विचारशील तर ज्याची अडचण सगळ्यात मोठी त्याला जमेल असाच प्लॅन करायचा, मग बाकीच्यांना तो आपोआप जमतो. प्राग काही पळून जात नाही, कार्ड आलं की जा.

यावेळी ड्रेस्डेनला जा. तुमचं विद्यापीठाचं सेमेस्टर तिकीट म्हणजे डॉइचलांडटिकेटच (देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांचा पास) असेल तर जायला-यायला वेगळा खर्च नाही, नसेल तर 2026 पासून ते महिन्याला 63 युरो आहे. फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत बसू नका, त्यात ते चालत नाही, साध्या रीजनल गाडीने दीड-दोन तास लागतात. ड्रेस्डेनहून एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, राटेन गावाला उतरायचं, तिथली फेरीबोट बघण्यासारखी आहे, इंजिन नाही, तारेला बांधलेली होडी एल्बे नदीच्या प्रवाहाच्या जोरावरच पलीकडे जाते. मग चढून बास्टाई नावाच्या कड्यांवर. नदीपासून 194 मीटर उंच कडे आणि त्यांच्यामध्ये 1851 चा दगडी पूल, वर जायला पैसे लागत नाहीत.

आणि ईस्टरच्या रविवारी सकाळी बाउत्सेन हे शहर चुकवू नका, ड्रेस्डेनहून तासाभराचं अंतर आहे. तिथे सॉर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज राहतो, त्यांची स्वतःची भाषा आहे. त्या दिवशी काळा कोट आणि उंच टोपी घातलेले पुरुष सजवलेल्या घोड्यांवरून त्यांच्या भाषेत स्तोत्रं म्हणत शेजारच्या गावाला येशूच्या पुनरुत्थानाची बातमी द्यायला जातात. त्यांची ईस्टरची अंडी जवळून बघ, हंसाच्या पिसाचं टोक बारीक कापून गरम मेणात बुडवतात आणि अंड्यावर त्रिकोण, ठिपके उठवतात, मग रंगात घालतात, मेण लागलेली जागा तशीच राहते, पुन्हा मेण, पुन्हा दुसरा रंग, आणि शेवटी मेण वितळवून पुसलं की सगळे रंग एकदम दिसतात. दुसऱ्यांचा सण असला तरी त्यात नुसतं उभं राहूनपण खूप मिळतं, आणि आपल्या घरच्या सणाची आठवण आली तर येऊ दे, चौघांनाही येणारच आहे.

पैशाचं मात्र तुलाच बोलावं लागेल. ग्रुपवर नाही, ज्याने हॉटेल बघितलंय त्याला फोन कर आणि सरळ सांग की माझं या चार दिवसांचं बजेट एवढं आहे, यात बसवू. आकडा सांगितला की समोरच्याला मदत करता येते, नुसतं "बघू" म्हटलं की त्याला वाटतं तुला यायचंच नाही. किचन असलेलं हॉस्टेल घ्या आणि खर्च वाटून घ्यायच्या स्प्लिटवाइज अ‍ॅपवर पहिल्या दिवसापासून लिहा.

किराणा गुरुवारी संध्याकाळीच भरा, शुक्रवार, रविवार, सोमवार सुपरमार्केट बंद, शनिवारी उघडं असतं पण प्रचंड गर्दी. शुक्रवारी नाचाच्या पार्ट्यांवर कायद्याने बंदी असते, तेव्हा तो दिवस प्रवासात आणि फिरण्यात घाला. आणि हे 2027 ला जाणार असाल तर ईस्टरचा रविवार 28 मार्चला आहे, त्याच पहाटे 2 वाजता घड्याळ पुढे जाऊन 3 होतात. मोबाइल आपोआप बदलेल पण झोपेचा एक तास जाईल, बाउत्सेनची सकाळची गाडी पकडायची तर शनिवारी रात्री वेळेत झोपा.